दोष क्रमांक तीन

४ जानेवारी
जावक क्र. १

चि. घुबडास,
अनेक आशीर्वाद.

वरचा क्रमांक बघून नाक मुरडू नकोस. कचेरीच्या आवक-जावक विभागात तीस वर्षं काढली, निवृत्त झालो म्हणून शिस्त सुटत नाही. या विषयावर फोन मात्र करू नयेस. फोनवरच्या बोलण्याला क्रमांक नसतो, आणि ज्याला क्रमांक नाही ते घडलंच नाही असं मी मानतो.

विषय बाबांच्या स्लाइड आणि निगेटिव्हचा. एप्रिलमध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. कपाटावरच्या तीन पत्र्याच्या पेट्या खाली काढल्या, त्यांत अकराशे चाळीस चित्रं निघाली. ती सगळी मी घरीच स्कॅनरवरून संगणकात उतरवणार, सोसायटीच्या सभागृहात नातेवाइकांना पडद्यावर दाखवणार आणि ‘बाबांची नजर’ ही पुस्तिका काढणार. दिवसभर दुकानात लोकांना चष्मे लावणाऱ्या माणसाची स्वतःची नजर केवढी होती, हे जगाला कळायला हवं. प्रस्तावना लिहून झाली आहे. चित्रं बघायची राहिली आहेत.

जेवणाचं टेबल कामासाठी ताब्यात घेतलं आहे. आम्ही दोघं हल्ली ओट्याशी उभे राहून जेवतो. हातमोजे आणले, धूळ उडवायला रबरी फुगा आणला, मऊ ब्रश आणला. पहिल्या साठ स्लाइड उलट्या बाजूने घातल्या गेल्या, त्यामुळे बाबांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे गेलं. पाटीवरची अक्षरं उलटी असल्याचं तुझ्या वहिनीने दाखवलं. माझ्या ते आधीच लक्षात आलं होतं, फक्त नोंद केली नव्हती.

एक गंमत. उन्हातल्या प्रत्येक फोटोत मी, बाबा, आत्या, सगळे डोळे बारीक करून कपाळाला आठ्या घालून उभे, आणि तू एकटी टक्क उघड्या डोळ्यांनी बघते आहेस. घुबड हे नाव तुला उगाच पडलेलं नाही.

पत्र पोचल्याचं कळव. लोभ आहेच, तो नियमित असावा.

तुझा,
दादा

(समासात, वहिनीच्या अक्षरात) टेबल परत मिळवून देता आलं तर बघ. बाकी क्षेम.


१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जावक क्र. १ मिळालं. माझ्याकडे आवक रजिस्टर नाही, म्हणून फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलं आहे. आत कोथिंबीर आहे, बाहेर तू.

इकडे सगळं ठीक. दिवसभर इस्पितळाच्या तळघरात लोकांना श्वास रोखायला सांगते आणि एक्स-रे काढते. परवा एका गृहस्थांनी विचारलं, हसू का. मी म्हटलं, हसा, बरगड्यांना काही फरक पडत नाही. प्रस्तावना आधी आणि चित्रं मागून, हे तुझं बघून मला आमच्या मोठ्या डॉक्टरांची आठवण झाली. तेही रोगी दाराशी दिसला की निदान करतात.

दादा, चेष्टा पुरे, एक मागणं आहे. त्या पेट्यांत आईचा फोटो सापडला तर आधी मला पाठव. ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, तू नऊचा. तुझ्याकडे माझ्यापेक्षा तीन वर्षांची आई जास्त आहे. मला तिचा अंबाडा आठवतो आणि त्यात खोचलेली पेन्सिल, कारण नकाशांच्या कचेरीतून ती तशीच घरी यायची. चेहरा आठवत नाही. माझ्याजवळ फक्त तिचं कचेरीचं ओळखपत्र आहे आणि त्यावरचा शिक्का नेमका तिच्या गालावर आणि डोळ्यावर बसला आहे. यंदा मी पंचावन्नची होईन, आणि आई म्हटलं की मला अजून शिक्का दिसतो.

अकराशे चाळीसांत एखादा तरी असेल. पाठमोरा चालेल, हललेला चालेल, अर्धा चालेल.

वहिनीला नमस्कार. तिला बसून जेवू दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
घुबड


२७ जानेवारी
जावक क्र. ४

चि. घुबडास,
अनेक आशीर्वाद.

(क्र. २ आणि ३ स्कॅनर विकणाऱ्यास गेले. तो उत्तर देत नाही. त्याला क्र. ५ जाईल.)

आठशे चित्रं झाली. तुझ्या मागणीबाबत कळवतो की आईचा फोटो आढळला नाही. यात बाबांचा दोष नाही. कलावंताचं घराकडे थोडं दुर्लक्ष होतंच. बाबा स्वतः मात्र जवळजवळ चारशे चित्रांत आहेत. कॅमेऱ्याला आपोआप बटण दाबणारी कळ असणार. त्या काळात ही हिकमत साधणं सोपं नव्हतं, तसं मी प्रस्तावनेत घातलं आहे. आणखी एक हृद्य गोष्ट हाती लागली. प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात तारीख आहे, आणि शेवटची तारीख आई जाण्याच्या पंधरा दिवस आधीची आहे. त्यानंतर त्यांनी एकही चित्र काढलं नाही. दुःखाने कला सोडली. यावर परिशिष्ट लिहितो आहे.

दोषांचं वर्गीकरण केलं आहे. दोष क्रमांक एक, बुरशी. क्रमांक दोन, ओरखडे. क्रमांक तीन, सावली. बाबा उन्हाकडे पाठ करून फोटो काढत, त्यामुळे त्यांची स्वतःची लांबलचक सावली खालून चित्रात घुसते. दिसायला फार वाईट. चारशे बारा चित्रांतून मी ती कापून टाकली. कित्येकदा ती तुझ्या अंगावर चढलेली असते, तिथे कापता येत नाही, म्हणून तुला उजळून काढलं. आता अगदी धुतल्यासारखी दिसतेस.

नातेवाइकांसाठी दुरुस्तीचा अर्ज छापला आहे. विमावाल्या चुलतभावाने पहिली बायको तीन फोटोंतून काढावी असं लिहून दिलं. त्याच्या मेव्हण्याने स्वतःला केस मागितले. पहिला अर्ज मंजूर केला. दुसरा विचाराधीन आहे.

संगणकात सगळं सुधारलेलंच ठेवतो. जुन्यावर नवं चढवलं की गोंधळ होत नाही. मूळ स्लाइड-निगेटिव्ह फेब्रुवारीअखेर रद्दीत जातील. नियमाप्रमाणे नष्ट करायच्या मालाची यादी केली आहे. तिच्यावर दोन सह्या लागतात. माझी झाली आहे, वहिनीची व्हायची आहे.

तब्येतीला जप. स्नेह आहे तसा ठेव, त्यात फेरफार नको.

तुझा,
दादा

(समासात) सही कुठे करायची ते मला दिसत नाही, असं मी सांगते आहे. चष्मा सापडत नाहीये.


१२ फेब्रुवारी

चि. घुबडीला,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तू विचारतेस, माझा भाऊच जर चारशे फोटोंत उभा आहे तर समोर बटण दाबायला कोण होतं. इतकी वर्षं हे कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात, भूक लागली का आणि गुडघे कसे आहेत.

तुझ्या बापाला एक डोळा मिटता येत नसे. डावा मिटायला गेला की उजवाही मिटायचा. लहानपणी आम्ही त्याला त्यावरून रडवलं आहे. कॅमेरा त्याने हौसेने आणला, पहिल्या रिळात छत्तीस फोटो आकाशाचे आणि स्वतःच्या बोटाचे आले, आणि दुसऱ्या रिळापासून कॅमेरा तुझ्या आईच्या हातात गेला. नकाशे काढणारी बाई, कागदावर काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. भाऊ शेजारी उभा राहून ओरडायचा, हलू नका, हलू नका म्हणून. नंतर पुठ्ठ्यावर तारखा घालायचा, आणि लोकांना सांगताना मी काढलेले म्हणायचा. तुझी आई आत चहा टाकत असायची. एकदा मी तिला विचारलं की तुला राग नाही का येत. ती म्हणाली, येतो, पण फोटो चांगला आलाय.

तेव्हा दुःखाने कला सोडली वगैरे तुझ्या दादाला लिहू दे. बटण दाबणारी गेली, एवढंच झालं. ती फोटोत कधी आली नाही, कारण तिच्या हातून कॅमेरा घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मीसुद्धा नाही घेतला. मला भीती वाटायची, महागडी वस्तू पडेल म्हणून. त्याचं आता वाईट वाटतं.

आणि ते सोन्यासारखं पोर सावल्या कापत बसलंय म्हणतेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याला लवकर कळव.

इकडची काळजी नको. पत्राची वाट बघते, तीच आता माझी हालचाल.

तुझी,
आत्या


१६ फेब्रुवारी
(रजिस्टरने)

ती. दादास,
सा. न.

रजिस्टरने पाठवते आहे, म्हणजे याला पोस्टाचा तरी क्रमांक असेल आणि तुझ्या लेखी हे घडेल.

आत्याचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच. मग हे.

दादा, ती सावली बाबांची नाही. तू ज्याला दोष क्रमांक तीन म्हणतोस, ती आई आहे. चारशे बारा फोटोंत आई होती आणि तू कात्री घेऊन तिला बाहेर काढलंस. मी पाठमोरा, हललेला, अर्धा चालेल म्हटलं होतं. सावलीही चालेल हे लिहायला मला सुचलं नाही, ही माझी चूक. सुचायला हवं होतं. मी आयुष्यभर सावल्यांवरच पोट भरते. आमच्या तळघरात सावली म्हणजेच चित्र, ती पुसली तर माझी नोकरी जाईल.

मी रागावले आहे, फार रागावले आहे, पण तू हे हेतुपुरस्सर केलंस असं मात्र म्हणत नाही. तू विमावाल्याची पहिली बायको तरी अर्ज घेऊन काढलीस. आईसाठी कोणी अर्ज केला होता?

संगणकातलं गेलं ते गेलं. पेट्या रद्दीत देऊ नकोस. नसतील दिल्या तर एवढंच लिही की नाहीत. दिल्या असतील तर काही दिवस पत्र पाठवू नकोस.

वहिनीला नमस्कार. माझी माया या पत्रापुरती हिशेबात धरू नकोस.

तुझी,
धाकटी


२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पेट्या आहेत. तिन्ही आहेत.

पत्र आलं तेव्हा मी आधी उत्तराचा मसुदा केला. मुद्दा एक, आत्याचं वय. मुद्दा दोन, आपोआप बटण दाबणारी कळ. मुद्दा दोनच्या पुराव्यासाठी कॅमेरा माळ्यावरून काढला. अशी कळ त्याला नाही. मग मी आरशासमोर उभा राहून डावा डोळा मिटून पाहिला. दोन्ही मिटले. पुन्हा पाहिला, पुन्हा दोन्ही. मागे तुझी वहिनी हसते आहे हे ऐकू आलं, दिसलं नाही. आपल्याकडचे झाडून सगळे फोटो तिने काढलेले आहेत आणि त्यांत ती कुठेच नाही, हे तिने मला त्याच वेळी सांगितलं. मसुदा फाडला.

मग आठवलं. उन्हात समोर कोण आहे ते मला कधी दिसायचं नाही, डोळ्यांवर अंधारी यायची. हलू नका हा आवाज बाबांचा असायचा, पण तो शेजारून यायचा. समोरून कधीच नाही. मला हे माहीत होतं, धाकटे. पन्नास वर्षं माहीत होतं आणि मी त्यावर प्रस्तावना लिहिली.

यादीवर वहिनीने सही केलेली नाही. चष्मा तिच्या डोक्यावरच होता.

परवापासून चारशे बाराही स्लाइड नव्याने स्कॅन करतो आहे. वहिनी समोर बसून एकेक पुसून देते. टेबल अजून मोकळं झालेलं नाही, पण ती आता तक्रार करत नाही. काही ठिकाणी सावलीच्या डोक्यावर अंबाडा स्पष्ट दिसतो, आणि त्यातून तिरकी बाहेर आलेली एक बारीक रेघ. मी तिला दोष क्रमांक दोन, ओरखडा, समजलो असतो. वहिनी म्हणाली, पेन्सिल आहे.

एक छापून सोबत पाठवतो. काही कापलेलं नाही, काही उजळलेलं नाही. भिंतीपाशी आपण सगळे उभे आहोत. मी, बाबा, आत्या, तिघांनाही ऊन लागतं आहे, तिघांचेही डोळे मिटल्यात जमा. तू पुढे आहेस, चार वर्षांची. खालून आईची सावली येते, दोन्ही कोपरं वर उचललेली, आणि ती थेट तुझ्यावर येऊन थांबते. म्हणून तुझे डोळे उघडे आहेत. फक्त तुला ऊन लागत नव्हतं. त्या वेळी तिच्याकडे नीट बघू शकणारी तू एकटी होतीस.

मायन्यात नेहमीचं नाव घातलेलं नाही. घालायला मन धजत नाही. पुढच्या पत्रात काय लिहू ते तू सांग.

सावलीत उभं राहायचं कसं असतं ते तुलाच ठाऊक. आम्हालाही तुझ्या मायेत थोडी जागा दे.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्याकडची चौकट लहान पडली तर मोठी आणावी. फोटो कापू नये.

(समासात) जावक क्रमांक घालायला विसरलेत. मी आठवण केली नाही.