एकशे त्रेचाळीस पत्रांचं एक मत

उर्झेदो, ३ फेब्रुवारी

चि. इझौरास आईचे आशीर्वाद आणि कपाळावर क्रूस.

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. रक्तदाब मोजायचं यंत्र एक, लोकरी मोजे दोन जोड, चॉकलेटचा डबा एक, सुवासिक मेणबत्त्या चार. खोक्यावर टपालखर्च सतरा युरो ऐंशी सेंट. मोजे मी घरी विणते, मेणबत्त्या देवळात मिळतात, आणि गोड खायला बाबांना मनाई आहे हे तुला ठाऊक असूनही तू चॉकलेट धाडलंस. ते मी ईस्टरपर्यंत कुलपात ठेवलंय. म्हणजे सतरा ऐंशीत कामाची वस्तू एकच आली. बाबा दिवसातून सहा वेळा दंडाला पट्टा बांधतात आणि आकडा पाहून घाबरले की आकडा आणखी वाढतो.

आता खरी बातमी. देवळाशेजारच्या आरोग्यखोलीच्या दारावर जिल्ह्याने कागद चिकटवलाय. तीस जूनला खोली बंद. पुढे सगळ्यांनी शहरात जायचं, एक्केचाळीस किलोमीटर. बस सकाळी पावणेसातला जाते आणि संध्याकाळी सहाला परतते. बाबांच्या टाचेची जखम नोव्हेंबरपासून भरत नाही. मधुमेहाचं ते असंच, म्हणतात. झुल्मिरा नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी पट्टी बदलते म्हणून निभावलंय. शहरातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पट्टीत खंड पडला तर पाऊल जाईल. हे बाबांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

सत्तावीस देशांच्या आरोग्याचे पैसे जिथे वाटतात त्या कचेरीत तू बसतेस. मी कधी काही मागितलं नाही. आता मागते. वरच्या साहेबांच्या कानावर एक शब्द घाल. फोन करू नकोस. इथे फोन लागतो तो फक्त स्मशानाच्या भिंतीपाशी, आणि तिथे उभं राहून बोललं की सगळं गाव विचारतं कोण गेलं म्हणून.

तुझी आई,
देओलिंदा

*

ब्रसेल्स, १२ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. आधी आशीर्वाद मागते, मग बोलते.

बाबांच्या टाचेचं वाचून रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. आता हसू नकोस. आम्ही सध्या जो मसुदा करतोय त्याचं चौदावं कलम आहे 'दूरच्या वस्त्यांची आरोग्यसेवा'. ते मीच लिहिते. आणि मीच लिहिते म्हणून उर्झेदोचं नाव काढायची मला बंदी. नोकरीला लागतानाच लिहून दिलंय की माहेरच्या गावाचा विषय निघाला तर मी खोलीबाहेर जाईन. म्हणजे जगात या कामी तुला एकच माणूस मदत करू शकत नाही, आणि ते तू जन्माला घातलंस.

कलम कुठवर आलंय ते सांगते, हे गुपित नाही. 'दूर' म्हणजे किती, यावर पाच बैठका झाल्या. माल्टाच्या बाई म्हणतात, त्यांच्याकडे दहा किलोमीटर गेलं की समुद्रात पाय. फिनलंडचे गृहस्थ म्हणतात, शंभर किलोमीटरवरच्या माणसाला त्यांच्याकडे शेजारी म्हणतात. पाचव्या बैठकीत केक चांगला होता, एवढंच सर्वांना मान्य झालं.

पण एक वाट सगळ्यांना मोकळी आहे. एकतीस मार्चपर्यंत कोणीही नागरिक आपलं मत लिहून पाठवू शकतो. कागदावर लिहिलेलं चालतं. प्रत्येक पत्र वाचलं जातं, मोजलं जातं. गावातल्या लोकांना लिहायला सांग. हे मी सत्तावीस देशांतल्या सगळ्यांना सांगते, त्यात तूही आलीस.

बाबांना एवढंच सांग की यंत्र दिवसातून एकदाच बांधायचं.

तुझी,
इझौरा

*

उर्झेदो, २८ मार्च

चि. इझौरास आईचे आशीर्वाद. खोली वाचू दे म्हणून संत अँटनीला नवस बोलले आहे, तो तूच फेडायचास.

काम फत्ते. आज टपालाने पुडकं रवाना केलं. एकशे चव्वेचाळीस पत्रं.

तू म्हणालीस लोकांना लिहायला सांग, तर मी रविवारी मिस्सानंतर देवळाच्या पायरीवरच सगळ्यांना धरलं. मजकूर अर्थातच दोना पेर्पेतुआबाईंनी केला. गावातल्या साठ वर्षांखालच्या प्रत्येकाला त्यांनीच अक्षर शिकवलं, तेव्हा दुसऱ्या कोणी लेखणी उचलायची प्राज्ञा नव्हती. असा मजकूर, असा मजकूर, की फादर होरासियुंनी टोपी काढली. 'आमच्या या डोंगराळ परंतु स्वाभिमानी वस्तीचे' इथून सुरुवात आणि 'भावी पिढ्या ऋणी राहतील' इथे शेवट. मग तीन संध्याकाळी आम्ही जपमाळेच्या वेळेला जमलो आणि प्रत्येकाने तो हुबेहूब उतरवला. मागणं एकाने नीट लिहावं, बाकीच्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवावं, ही आपली रीत. मधे आपला शब्द घुसडणं म्हणजे बाईंच्या तोंडावर त्यांची चूक काढणं. ज्यांनी स्वल्पविराम गाळले त्यांना बाईंनी पुन्हा लिहायला लावलं. ऐंशी वर्षांच्या आडेलिनाने चार वेळा लिहिलं. एकाही पत्रात खाडाखोड नाही. पाहशील तर ऊर भरून येईल.

असे एकशे त्रेचाळीस झाले. चव्वेचाळिसावा तो मेंढपाळ फौस्तिनो. तो शाळेतही बाईंचं ऐकत नव्हता. त्याने बिलाच्या पाठीवर स्वतःच्या मनाचं लिहून आणलं. मला वाचून लाज वाटली. लिहितो की, मंगळवारी झुल्मिरा मनगट धरून नाडी मोजते, बायको गेल्यापासून मला दुसऱ्या कोणी धरलेलं नाही. आणि खाली बकरीच्या खोकल्यावर औषध विचारलंय. गावाची शोभा नको म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. पण पुडकं वजनात बसत होतं, आणखी एक कागद घातला तरी तिकीट तेवढंच, म्हणून घातलं.

जखम तशीच. मेणबत्त्यांचा वास बाबांना आवडला, हे सांगायला मला सांगितलंय.

तुझी आई,
देओलिंदा

*

ब्रसेल्स, ६ जून

ती. आईस सा. न. हे पत्र बसून वाच, आणि दोना पेर्पेतुआबाई घरी नसताना वाच.

तुमचं पुडकं पोचलं. माझ्या शेजारच्या टेबलावर उघडलं, मी नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेले. काचेतून दिसत होतं. आडेलिनाआजीचं अक्षर मी लांबूनही ओळखलं.

आई, आमच्याकडे एक नियम आहे. शब्दशः सारखी पत्रं आली तर ती कोणा एकाने लिहून वाटलेली असं समजतात, आणि सगळी एकत्र बांधून एक मत धरतात. तुमची एकशे त्रेचाळीस पत्रं मिळून एक मत झालं. स्वल्पविरामसुद्धा जुळले हे आमच्या माणसाने शेऱ्यात खास नोंदवलंय. औषधवाल्यांच्या एका संघटनेने पगारी माणूस बसवून एकच म्हणणं अकरा तऱ्हांनी लिहून घेतलं, त्यांची अकरा मतं झाली. मी तुला लिहिलं की प्रत्येक पत्र मोजलं जातं. ते खोटं नव्हतं. कसं मोजलं जातं ते लिहायचं राहिलं.

फौस्तिनोंचं मात्र वेगळं एक मत धरलं. त्यांचं वाक्य अहवालाच्या नवव्या पानावर चौकटीत छापलंय. फिनलंडचे गृहस्थ ते वाचून दाखवताना मधेच थांबले आणि पाणी प्यायले, हेही मी काचेतूनच पाहिलं. त्यानंतर 'दूर' वर कोणी वाद घातला नाही. मसुद्यातलं चौदावं कलम बैठकीत मान्य झालं. जानेवारीपासून पैसे सुटतील.

आता वाईट भाग. पैसे मिळणार ते एक जानेवारीला चालू असलेल्या केंद्रांनाच. तुमची खोली तीस जूनला बंद होतेय. आणि ती अट माझी आहे. पूर्वी कुठे कुठे नुसत्या इमारती बांधून कुलूप लावून ठेवल्या होत्या, तसं पुन्हा होऊ नये म्हणून मी ती घातली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

यावर काय करावं हे मी तुला सांगू शकत नाही. परक्या नागरिकाने लिहून विचारलं, तर पंधरा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर देणं मला बंधनकारक असतं. आईला देता येत नाही. सोबत छापील कलम धाडते, ते कोणालाही मिळतं. तू वाण्याचं बिल जसं वाचतेस, तसंच वाच.

बाबांची टाच कशी आहे ते आधी लिही.

तुझी,
इझौरा

*

उर्झेदो, २७ जून

कलम चौदाच्या अधिकारी बाईंच्या सेवेशी, उर्झेदो गावच्या एका नागरिकाचा सविनय नमस्कार वि. वि.

आपली माझी ओळख नाही. मी मॅट्रिक झालेली गृहिणी आहे. छापील कलम मिळालं, तीन वेळा वाचलं. 'चालू केंद्र' म्हणजे काय, ते आपण सातव्या ओळीत दिलंय: शिकलेली परिचारिका, आठवड्यातून किमान एक दिवस, आणि रुग्णांची नोंदवही. परिचारिकेला पगार कोणी द्यावा, हे कुठेच नाही. खोली कोणाची असावी, हेही नाही. हे लिहायचं राहिलं की मुद्दाम सोडलं, असं मी विचारत नाही.

आमच्याकडे पुढीलप्रमाणे ठरलं आहे. खोली देवळाची, किल्ली फादर होरासियुंची. जिल्ह्याला खाट आणि तराजू न्यायचा तर खुशाल न्यावा, खाट आडेलिना देणार आहे. झुल्मिरा नर्सची बदली शहरात झाली. तिने सुट्टीचा वार मंगळवार मागून घेतला आहे. ती आपल्या गाडीने येणार. पेट्रोलला फौस्तिनो चीज देतो. पंपावर चीज चालत नाही हे त्याला समजावलं, तर म्हणतो पंपवाल्यालाही भूक असते. ते खरं निघालं. शुक्रवारची पट्टी मी स्वतः बदलते. झुल्मिराने माझ्याकडून नऊ वेळा करून घेतली. नोंदवही मी आखली आहे. रुग्ण क्रमांक एक, सेराफिम, वय अडुसष्ट, डावी टाच. या आठवड्यात जखमेची कड गुलाबी झाली आहे. झुल्मिरा म्हणते हे चांगलं. शेजारच्या रकान्यात मी तसंच लिहिलं आहे.

तरी असं केंद्र आपल्या कलमाप्रमाणे एक जानेवारीला 'चालू' धरलं जाईल की नाही, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा, तक्रार म्हणून नव्हे. आम्ही पन्नास मणी ओढतो आणि पन्नास वेळा तीच नमो मरिया म्हणतो. शब्द तेच, विरामही तेच. ती वर बांधून एक धरतात, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आपली कचेरी त्याहून कडक असेल तर हरकत नाही, पण दारावर तसं लिहावं.

तरी नियम तो नियम. म्हणून मतांची मुदत टळली असली तरी सोबत बेचाळीस पत्रं पाठवत आहे. या खेपेला ज्याने त्याने स्वतःचं लिहायचं, एकाचं दुसऱ्याने पाहायचं नाही, असं ठरवलं. फार जड गेलं. लोक कोरा कागद घेऊन घरी गेले आणि दोन दोन रविवार तोंड चुकवत होते. दोना पेर्पेतुआबाई रागावल्या होत्या. काल संध्याकाळी त्यांनी आपलं पत्र आणून दिलं आणि दारातूनच परत गेल्या. त्यांचं चार ओळींचं आहे, स्वल्पविराम एकही नाही. गेल्या डिसेंबरात रविवारी त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि मंगळवारी झुल्मिरा गोळ्या द्यायला येईपर्यंत तशाच पडून होत्या. त्यांचं घर माझ्या घरापासून तिसरं. आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. आधीच्या त्या सुंदर मजकुरात त्यांनी हे घातलं नव्हतं. ते पत्र सगळ्यांत वर ठेवलं आहे. बाकीचीही येतील. स्वतःचं सांगायला माणसाला वेळ लागतो.

आमची एक मुलगी ब्रसेल्सलाच नोकरीला असते. तिला या कामी काही सांगता येत नाही. शिस्तीची आहे, खोलीबाहेर जाऊन उभी राहते. मी तिला बोल लावत नाही, आपणही लावू नये. तिने दिलेल्या मेणबत्त्यांपैकी एक आम्ही आरोग्यखोलीत लावतो, डेटॉलचा वास जरा कमी होतो.

पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर येतं असं कळलं आहे, पण टाच तेवढी थांबत नाही, तरी उलट टपाली कळवावं. आपल्या कचेरीतल्या मुलींना ऑगस्टात मरियेच्या सणाला घरी यायला रजा मिळते का, तेही त्याच पाकिटातून कळवावं. हा प्रश्न वरच्यांसारखा नाही, तरी वेगळा मोजावा.

आपली एक अनोळखी नागरिक,
देओलिंदा