खदानीकडची खिडकी

अकोला,
८ जून २०२५

चि. आकांक्षास,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

तू अमरावतीत खुशाल असशील. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातली नोकरी नीट सुरू असेल. इकडे ऊन अजून हटायला तयार नाही. ज्वारीचे पापड झाले, तुझा वाटा बाजूला काढून ठेवलाय. मामा बरे आहेत. एवढ्याशा गोष्टीला पत्र कशाला, म्हणशील. पण फोनवर तुझ्या अन्नपेढीचं नाव काढलं की तू "मामी, तो विषय नको" म्हणून फोन ठेवतेस. पत्र असं मधेच तोडता येत नाही.

आधी आभार मानते. रागावू नकोस, मानू दे. आपल्या घरामागची मुरमाची खदान तुला ठाऊकच आहे. मंगल कार्यालयाचा ट्रॅक्टर लग्नातलं सगळं उरलंसुरलं तिथं ओतायचा. भात, वरण, बुंदी, सगळं सडायचं. त्यातून वायू निघायचा आणि उन्हाळ्यात तो ढीग आतल्या आत धुमसत राहायचा. मामांचा दमा त्या धुरानंच वाढला. "अन्न एकटं नाही सडत, त्याच्यात गेलेलं पानी बी सडते, घाम बी सडते," असं म्हणायचे आणि मग खोकत बसायचे. त्या बाजूची खिडकी आम्ही खिळे मारून बंद केली होती.

तुळशीच्या लग्नानंतर उरलेलं अन्न गोळा करून वाटणारी तुझ्या अन्नपेढीची गाडी अकोल्यात फिरू लागली. अन्न माणसांच्या पोटात गेलं, खदानीत फक्त पत्रावळी पडल्या. यंदा एप्रिलमध्ये धूर नाही, वास नाही, माश्या नाहीत. एक दिवस मी भीतभीतच खिडकीचे खिळे उपटले. मामा बाजेवर पडले होते.

"सुभद्रे, हे खिडकी कोनं उघडली?"

"मीच."

मी खोकल्याची वाट पाहत उभी राहिले. "मंग राहू दे. वारा येऊन राहिला," म्हणाले आणि कूस बदलून झोपले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले गं. बऱ्याच वर्षांनी सुखाचं रडू आलं.

आणि मे महिन्यात ते झालं. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या वस्तीत तुझ्या गाडीतला भात आंबलेला निघाला. वस्तीतल्या बेबीताईनं सगळ्यांसमोर डबा परत केला, "आमाले का जनावर समजता?" म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. पण तू अकोल्याची गाडीच बंद केलीस. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. तू तर ताकाचं भांडंच पालथं घातलंस!

मी काय केलं सांगते. त्यानंतरच्या एका लग्नात सरळ कार्यालयाच्या भटारखान्यात जाऊन बसले. पंगती उठल्या तशा बायांनी वरणाची गंजं-पातेली भातावर उलटी केली, वरून वांग्याची भाजी ओतली. भांडी लवकर मोकळी करायची आपली जुनीच सवय. उकिरड्यावरच जायचं तर कोण वेगळं ठेवणार? पण या उन्हात असं कालवलेलं अन्न किती टिकेल? दोष तुझ्या गाडीचा नव्हता, पोरी.

पुढच्या लग्नात मी पदर खोचून आडवी उभी राहिले. वरण वेगळं, भात वेगळा. शेजारच्या पिंटूच्या ऑटोत मावतील तेवढे डबे वस्तीत नेले. बेबीताई कमरेवर हात ठेवून उभी. मी तिथंच जमिनीवर बसले, डब्यातलं वाढून घेतलं आणि जेवले. ती पाहत राहिली. मग म्हणाली, "तू खाल्लं ना? मंग वाढ." आणि पोरांना हाका मारल्या. जाताना "ते अमरावतीवाली काहून येत नाही आता?" असंही विचारलं.

ऑटोत मावलं नाही ते मात्र ट्रॅक्टरनं खदानीत ओतलं. दोन दिवसांनी मामा पुन्हा खोकले.

आता फोनवर कधीच बोलले नाही ते सांगते. डॉक्टरांनी मागच्याच वर्षी हे घर सोडायला सांगितलं होतं. आमच्या मुलानं, ललितनं, पुण्यात आमच्यासाठी खोली रिकामी केली, आणि फाटकावर "घर विकणे आहे" अशी पाटी लागली. तू आलीस की मी ती काढून कोठीत लपवायची. तुझ्या जिवावर ओझं नको म्हणून. मामांना पुण्यात करमायचं नाही, मलाही नाही. खिडकी उघडली त्याच आठवड्यात मामांनी आपल्या हातानं पाटी उतरवली. "आता कुठी जात नाही मी," म्हणाले. मधे ते पुन्हा खोकले तेव्हा मला वाटलं, गेली पाटी परत फाटकावर. पण त्यांनी ती उलटी करून मागच्या बाजूला रंगानं लिहिलं, "वरण वेगळं, भात वेगळा". कार्यालयाच्या भटारखान्यात ती आता खिळ्यावर टांगली आहे.

शनिवारी मोठं लग्न आहे. मी पातेल्यांपाशी उभी असेन. ट्रॅक्टरही उभा असेल. तुझ्या गाडीची वाट पाहते आहे. खिडकी आम्ही अजून लावलेली नाही.

तुझी, अजून तरी अकोल्याचीच,
सुभद्रामामी