एक साथ नमस्ते

प्रिय मंजू,

तुझे बाबा हे पत्र घेऊन दारात उभे राहतील तेव्हा आधी त्यांच्या हातातली पिशवी उघडत बसू नकोस. तिच्यात तुरीच्या शेंगा आहेत, तुपाचा डबा आहे आणि शिवमसाठी मुरमुऱ्याचे लाडू आहेत. ते कुठे पळून जात नाहीत. आधी हे वाच, आणि आज रविवारीच वाच, कारण सोमवार उजाडल्यावर वाचून काही उपयोग नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला येते न येते तोच तुझं 'हो आई, बरं आई, ठेवते आई' सुरू होतं. मागून शिवम ओरडतो, त्याच्या मागून कुकर ओरडतो, आणि माझं सांगायचं ते माझ्याच घशात राहतं. म्हणून बाबांच्या खिशात हा कागद घातला. तू पूर्ण वाचेपर्यंत त्यांना चहा देऊ नकोस, म्हणजे ते तुझ्या मागे लागतील.

मागच्या आठवड्यात किन्हीराजाच्या बाजूला एका शाळेत मला बोलावलं होतं. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या नव्या अध्यक्षांचं प्रशिक्षण होतं, आणि जुनी, अनुभवी बाई म्हणून मी दोन शब्द बोलायचे होते. गेले. बघते तर अर्ध्या खुर्च्यांवर अध्यक्ष बायांचे नवरे बसलेले! एकाला विचारलं, बाई कुठे आहेत? तर तंबाखू मळत म्हणतो, "ते कायले येते? सारं मीच पाह्यतो ना." इतकी वर्षं हेच ऐकतेय मी, कान किटले. कायद्यानं निम्म्या जागा बायांना दिल्या, आणि यांनी त्या बायकोच्या नावावर घेऊन ठेवल्या. त्यात पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र चालेना. मग साहेबांनी पडद्यावर जे दिसणार होतं तेच वाचून दाखवलं. समितीचा इतिहास म्हणे! पालक-शिक्षक संघ कोणत्या आदेशानं निघाले, ग्रामशिक्षण समिती केव्हा आली, कायदा केव्हा झाला. सनावळ्या सगळ्या बरोबर असतील. पण सांगणाऱ्यालाही जांभई येत होती.

आपल्या गावचा इतिहास मला विचारा म्हणावं. ग्रामशिक्षण समिती म्हणजे सरपंचांच्या ओसरीवर होऊन जाणाऱ्या सह्या. त्या समितीत मी दोन वर्षं होते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं! पुढे माता-पालक संघ काढा असा हुकूम आला, आणि गुरुजींनी मला त्याची प्रमुख केलं, का तर मी सातवी पास आणि आपलं घर शाळेच्या समोर. बाया काही सभेला येईनात. मग मी डोकं चालवलं आणि संक्रांतीचं हळदी-कुंकू शाळेतच ठेवलं. आता झाडून साऱ्या येतील म्हटलं. आल्या अर्ध्या. बौद्ध वस्तीतली एकही नाही, आणि ज्यांचे नवरे गेले होते त्याही नाहीत. मी तणतणत त्या वस्तीतल्या विमलबाईच्या दारात गेले. ती अंगण सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कुंकवाले आमी कायले येऊ वो? शाळेची सभा हाय तं शाळेच्या सभेले बोलवा. येतो ना." मला असा राग आला की दोन दिवस मी तिच्या गल्लीनं गेले नाही. मग मुकाट्यानं घरोघरी नुसता निरोप धाडला, शाळेची सभा आहे, या. त्या दिवशी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. विमलबाई सगळ्यात पुढे बसली होती, आणि तेव्हापासून ती माझ्या शेजारीच बसते.

तू तेव्हा दुसरीत होतीस. गुरुजी वाशीमहून यायचे, साडेअकराच्या बसनं, कधी त्याच्याही नंतरच्या. वर्गाला कुलूप आणि किल्ली गुरुजींच्या खिशात. तुम्ही पोरं ओट्यावर दप्तरं टाकून मातीत लोळायची. बापलोकांचं म्हणणं एकच, शाळेला आपलंही एक कुलूप ठोका, म्हणजे साहेब धावत येतील. विमलबाई म्हणाली, "कुलूप ठोकलं तं पोरंच बाहेर राह्यतीन. गुर्जीचं त्यात काय जाते?" मग आम्ही बायांनी आमचंच ठरवलं. शाळेच्या वेळेला जायचं आणि ओट्यावर तुमच्या मागे ओळीनं बसायचं. शेतातलं निंदण पडून राहिलं, घरी सासवा बोलल्या, तरी गेलो. गुरुजी फाटकातून आत आले की साऱ्या उठून उभ्या राहायचो आणि तुमच्यासारखंच हात जोडून एका सुरात म्हणायचो, 'एक साथ नमस्ते!' पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. आठवडा संपायच्या आत ते सकाळच्या बसनं यायला लागले. कसे लागले ते पुढे सांगते. आठवतं का तुला? तू पाटीच्या आड तोंड लपवलं होतंस, आणि संध्याकाळी बाबांना सांगत होतीस, साऱ्यांत मोठा आवाज आईचा होता. तू लाजून सांगत होतीस की मिरवून, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आम्हाला चटकच लागली म्हण. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती बसवून घेईपर्यंत इतके अर्ज लिहिले की माझं अक्षर सुधारलं. शाळेची खिचडी आधी दोन आयांनी चाखायची, मग पोरांना वाढायची, हेही आम्हीच सुरू केलं. हायस्कूलला जाणाऱ्या मुलींसाठी फाट्यावर बस थांबेना, तर विमलबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. त्याच बसनं तू शिकलीस, डी.एड. केलंस, मास्तरीण झालीस. तुझी ऑर्डर आली त्या दिवशी मी गावभर पेढे वाटले, आणि विमलबाईला म्हटलं, बघ, आपल्या ओट्यावरची पोरगी मॅडम झाली.

तर त्या प्रशिक्षणात चहाच्या वेळी एक पोरगेलीशी बाई माझ्याजवळ येऊन टेकली. रूपला नाव. बंजाऱ्याची. नवऱ्याला न पाठवता स्वतः आलेली, म्हणून मला आधीच आवडली. नवरा ऊसतोडीला गेलाय. दर साली हीही जायची, मुलगी निकिता सोबत जायची आणि अर्धं वर्ष पोरीची शाळा बुडायची. औंदा ही हट्टानं मागे राहिली. मला म्हणाली, "पोरीची शाळा बुडू नये म्हून मी घरी राह्यली, काकू. अन् शाळाच बारा वाजता भरून राह्यली!" दुसऱ्या सरांची जागा रिकामी, आहेत त्या एकट्या मॅडम. त्या वाशीमहून चौघी मिळून केलेल्या गाडीनं येतात. एकीसाठी बाकीच्या थांबतात, मग वाटेत एकेकीला सोडत गाडी येते, आणि हिचा तांडा साऱ्यांत आत म्हणून साऱ्यांत शेवटी. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. तोवर पोरं थंडीत कुडकुडत ओट्यावर. पंधरवड्यामागे पोरांनी ऊब घ्यायला तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवल्या आणि निकिताच्या फ्रॉकचा घेर पेटला. खिचडी करणाऱ्या कस्तुराबाईनं बादली ओतली म्हणून निभावलं. मी विचारलं, मॅडमना सांगितलंस का? तर म्हणाली, "सांगतलं ना. त्यायनं मलम आनून देल्लं, रडल्याबी. दोन दिवस लवकर आल्या, मंग पुन्हा बाराच." मग मी तांडा कोणता ते विचारलं. तिनं सांगितला. मंजू, मी हातातला चहा खाली ठेवला.

शिवमला सर्दी झाली ते तू मला फोनवर सांगितलंस. त्याच्या कॉन्व्हेंटच्या स्नेहसंमेलनात तो ससा झाला तेही सांगितलंस. हे नाही सांगितलंस. गुरुवारी मी तुझ्या शाळेच्या तांड्यावर जाऊन आले. हो, तुला न कळवता गेले आणि तुझी गाडी यायच्या आत परत निघाले. पोरीच्या पोटरीवर रुपयाएवढे दोन डाग आहेत. ती मला म्हणाली, "आता दुखत नाही," आणि मग भिंतीसमोर उभी राहून मला शिकवायला लागली, तुझ्यासारखा एक हात कमरेवर ठेवून. रूपला म्हणते, आमची मॅडम शिकवते लय चांगलं, म्हणून तर राग येतो. मॅडम नुसती खुर्चीत बसणारी असती तर रूपलानं पोरीला कधीच उसाच्या फडावर नेलं असतं. आताही तिचं ठरलंय. मजूर न्यायला मुकादमाची आणखी एक गाडी मंगळवारी निघते आहे. "सोमवारपावतो वाट पाह्यतो," म्हणाली, "नाही तं पोरीले घेऊन जातो. तिथं निदान ते माह्या डोयासमोर राहीन." तिच्या मागोमाग आणखी काही घरं निघतील. पोरं गेली की पट उतरतो, आणि पट उतरला की शाळाच बंद करतात, हे मी तुला सांगायला नको.

आणि तू! शिवमची व्हॅन एकदा उशिरा आली तर पालकांच्या ग्रुपवर केवढं लिहिलं होतंस! 'लहान मुलं रस्त्यावर ताटकळत उभी राहतात, याला जबाबदार कोण?' मला वाचून दाखवलंस, आणि मीही मूर्खासारखी कौतुक केलं, माझीच लेक म्हटलं. मग निकिता काय आभाळातून पडली? तिच्या आईला तसं झोकात लिहिता येत नाही, एवढाच फरक. इतकी चीड आली होती ना मला, की त्या दिवशी बसमध्ये मी कंडक्टरशी उगाच भांडले.

आता तुझंही बोलते, नाहीतर म्हणशील आईला काही दिसतच नाही. जावई पवनराव नोकरीपायी आठवडाभर अकोल्याला. शिवमची व्हॅन पावणेदहाला, ती आल्याशिवाय तुला घर सोडता येत नाही. शाळेत पोचलीस की फोटो टाका, माहिती भरा, तांदूळ मोजा, आणि चारही वर्ग एकटीनं सांभाळा. खरं आहे सगळं. गुरुजींचंही खरंच होतं. त्या आठवड्यात एक दिवस ते आमच्यासमोरच ओट्यावर बसले आणि म्हणाले, घरी आई अंथरुणाला खिळलीय, तिचं सगळं करून मगच निघता येतं. माझी मावशी तेव्हा वाशीमला त्यांच्याच गल्लीत राहायची. तिला मी सांगून आले, आणि ती रोज सकाळी त्यांच्या आईजवळ जाऊन बसायला लागली. मग ती सकाळची बस त्यांना गाठता आली. पण ती गाठेपर्यंत आम्ही ओट्यावरून उठलो नव्हतो, हेही लक्षात ठेव.

म्हणून तुझ्या बाबांना धाडलंय. आजपासून ते तुझ्याकडेच राहतील, शिवमला व्हॅनमध्ये बसवतील आणि उतरवून घेतील. तुरीचं मी आणि विमलबाई बघून घेऊ. या माणसानं जन्मात तुला शाळेत सोडलं नाही, तेव्हा आता शिकू दे. शिवमला नाडीचे बूट मात्र घालू नकोस, यांना बांधता येत नाहीत. तू ती चौघींची गाडी सोड आणि सकाळची एसटी धर, ती फाट्यावर सोडते. तिथून तांडा पायी, मी चालून बघितला, माझ्या गुडघ्यांना जमलं तर तुलाही जमेल. रूपलानं मला विचारलं होतं, तक्रार कुठं करावी, कागद कसा लिहावा. कागदाचं नंतर बघू म्हटलं, आणि तिला आमची ओट्याची रीत पहिल्या दिवसापासून सांगितली. सांगून झाल्यावर म्हटलं, बाई, तुझी मॅडम माझी मुलगी आहे. ती म्हणाली, "मंग तं तुमी याच, काकू." मी येते म्हटलं. उद्या घंटेच्या आधीपासून मी त्या ओट्यावर बसलेली असेन, रूपला आणि तांड्यावरच्या साऱ्या बायांसोबत. तू आधी आलीस तर वांग्याचं भरीत आणि भाकर तुझ्या हातात देईन, निकिताला तुझ्यासमोर बसवीन आणि निघून येईन. उशिरा आलीस तर त्या साऱ्यांबरोबर मीही उठून उभी राहीन आणि हात जोडीन. माझा आवाज तुला ओळखू येईलच.

तुझीच,
आई