खुणेच्या बाटल्या

रविवार, ३ मार्च

बाईंनी आज गृहपाठ दिला. या वयात गृहपाठ! वाचनालयातला तत्त्वज्ञानाचा वर्ग, आम्ही पाच जण, त्यात कारखान्यातली मी एकटीच. 'तुम्हाला अगदी खात्रीने माहीत असलेली एक गोष्ट घ्या. ती कशावरून माहीत आहे ते शोधा.' बस, एवढंच.

नवरा म्हणाला, लिही की नवरा चांगला आहे. म्हटलं, खात्रीची गोष्ट हवी आहे.

सोमवार, ४ मार्च

सापडली. इंजेक्शनच्या बाटलीत कण असला तर तो मला दिसतो. अकरा वर्षं हेच काम. दोन-दोन बाटल्या उचलायच्या, दिव्यासमोर उलट्या करायच्या, औषधात काच, धागा, काही तरंगतंय का बघायचं. वाईट ती बाजूला. चांगली ती दवाखान्यात.

कशावरून माहीत? सोपं आहे. आमची परीक्षा म्हणून साहेब रोज पाच वाईट बाटल्या गुपचूप मिसळतात. मी पाचही पकडते. भिंतीवर माझं प्रशस्तिपत्र आहे, वन्संच्या प्रशस्तिपत्राला लागून. वन्संनीच मला इथे चिकटवलं. मोठी नणंद आणि शेजारची खुर्ची, दोन्ही त्याच!

झाला गृहपाठ.

मंगळवार, ५ मार्च

नाही झाला. आज मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवलं. दुपारी एक बाटली उचलली, बाजूला ठेवली — आणि लक्षात आलं, मी तिच्यात अजून पाहिलंच नव्हतं!

मिसळलेल्या बाटल्या नंतर परत ओळखता याव्यात म्हणून त्यांच्या बुडाला कानशीने बारीक चीर पाडलेली असते. ती बोटाला लागते. माझ्या बोटाला लागली, हाताने निकाल देऊन टाकला, डोळे मागाहून आले.

हे आजच झालं? की रोज? घरी येताना दोनदा चुकीच्या वळणावर गेले.

बुधवार, ६ मार्च

बोटांना चिकटपट्टी लावली, वर हातमोजे. पाचपैकी दोन.

दोन!

साहेब म्हणाले, बरं नाही का आज? हो म्हटलं. सुटलेल्या तीन बाटल्या पॅकिंगवाल्यांनी चीर बघून परत पाठवल्या. एकीत काचेचा कण, चांगला टाचणीच्या डोक्याएवढा. तो माझ्या नाकासमोरून गेला. आणि ज्या खरोखरच खराब असतात त्या? त्यांच्या बुडाला कोण चीर पाडून ठेवतं? अकरा वर्षांत अशा किती गेल्या, कुणाकुणाच्या शिरेत?



शुक्रवार, ८ मार्च

डब्याच्या सुट्टीत वन्संना सांगितलं. वाटलं, त्याही हादरतील. त्यांनी फक्त डब्याचं झाकण लावलं. बाटली बुडाशी धरायची, हे पहिल्या दिवशी मला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हाच आठवलं ते मला. त्यांनाही आठवलं असावं.

"साहेबांना सांगणार आहेस?"

म्हटलं, सांगायला नको का?

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. तेवढी जाऊ देत. मग काय सांगायचं ते सांग."

वन्संनी आजवर कुणाकडे कधी काही मागितलं नाही. लग्नानंतर सासूबाईंच्या तोफेपुढे माझ्यासाठी उभ्या राहायच्या त्या याच. आणि आता मागितलं तर हे.

शनिवार, ९ मार्च

उद्या बाईंनाच विचारते.

रविवार, १० मार्च

वर्गात विचारलं, कुणाचं नाव न घेता. बाई कधी सरळ उत्तर देत नाहीत, चीड येते. उलट मलाच विचारलं — ती बाटली कुणाला टोचणार हे माहीत असतं, तर काय केलं असतं?

उठून बाहेर आले. शहाणं व्हायला म्हणून इथे येत होते मी!

सोमवार, ११ मार्च

सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक. आधी खेकसले, मग दार लावून बराच वेळ फोनवर होते. गोदामातला माल थांबवला. उद्यापासून चीर बंद. त्यांच्या खास दिव्याखालीच दिसेल अशा शाईची खूण. सगळ्यांची परीक्षा.

वन्संना मीच जाऊन सांगितलं, दुसऱ्याकडून कळायला नको. त्या म्हणाल्या, "बरं."

मंगळवार, १२ मार्च

मी — तीन. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत होते. बाकीच्या कुणी तीन, कुणी चार.

वन्सं — शून्य. एकसुद्धा नाही!

साहेबांना वाटलं, मुद्दाम केलं, रागाने. खरं लिहिते, मलाही तेच वाटलं. इतका राग आला की बसथांब्यावर त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही.

नवरा रात्री एवढंच म्हणाला, "स्वतःला सुधारायला निघालीस आणि माझ्या बहिणीच्या पोटावर पाय दिलास."

बुधवार, १३ मार्च

वन्संना कामावरून थांबवलंय. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, साहेबांचा हुकूम. दरवर्षी कारखान्यातच डोळे तपासतात की! त्या सगळी अक्षरं धडाधड वाचतात, मी ऐकलंय.

मी जाणार सोबत. बोलल्या नाहीत तरी जाणार.

गुरुवार, १४ मार्च

उजवा डोळा पूर्ण गेलाय. डाव्यात जेमतेम उरलंय. सहा वर्षं झाली म्हणे. कारखान्यातला तक्ता त्यांना पाठ होता.

डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही? मी म्हटलं, मी यांच्या शेजारी बसते.

वन्सं म्हणाल्या, "तिला बोलू नका, डॉक्टर. ती दिवसभर बाटल्या बघत असते."