अप्पांचे सात तास

३ फेब्रुवारी

पुन्हा तेच! घरापासून इथपर्यंत विमानानं चारशे तीस किलोमीटर, मोबाईलवर धडधडीत लिहिलंय. तरी अप्पांचं आपलं एकच — रस्त्यानं मोजलेले सातशे दहा! जन्मभर ट्रक चालवला म्हणून काय आभाळातही ह्यांचेच खड्डे? मी आईला फोनवर सांगत होतो, "एक तास दहा मिनिटं गं फक्त. या की एकदा दोघं." तर मागून आवाज, "विचार त्याला, बाकीचा रस्ता काय उंदरांनी खाल्ला?"

मी त्यांच्या ट्रकवर न बसता रंगकामाला इतक्या लांब आलो, तेव्हापासून अबोला. दोन वर्षं झाली. बोलायचं ते आईला मध्ये घालून. तेही ओरडून!

४ फेब्रुवारी

सातव्या मजल्याला बाहेरून पहिला हात दिला. दुपारचं विमान डोक्यावरून गेलं, आपल्याकडचंच. बघत राहिलो. मुकादम खालून ओरडला, "अहो पायलटसाहेब, भिंत इकडे आहे!"

७ फेब्रुवारी

अप्पांची कंबर गेलीय. ट्रक विकला. दोन-अडीच तासांच्या वर एका जागी बसवत नाही, बसनं येणं तर विसरायचंच. आणि हे मला आज कळतंय! आई म्हणाली, "तेच म्हणाले, कळवू नको. उगाच काम टाकून पळत येईल."

मी कसला पळत जातोय.

गेलो असतो.

८ फेब्रुवारी

तो ट्रक आता कोण चालवत असेल? तिसरा गिअर जरा दाबून टाकावा लागतो, सांगितलं असेल का कुणी त्याला?

११ फेब्रुवारी

आज फोन अप्पांनी स्वतः घेतला! हॅलो नाही, कसा आहेस नाही. थेट सुरू — "घरून विमानतळ अडीच तास. तिथं आधी जाऊन बसायचं, दोन तास. मग तुझं ते एक तास दहा मिनिटं. सामान मिळायला अर्धा तास. तिथून तुझी खोली पन्नास मिनिटं. झाले की नाही सात? एक तास म्हणे! कुणाला शेंड्या लावतोस?"

मीपण तापलो. "नका येऊ मग!" म्हटलं आणि फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

परांचीवर उभ्या उभ्या डोक्यात आलं. यायचंच नाही तर माणूस माझ्या खोलीपर्यंतचं कशाला मोजेल? ब्रश डब्यात पडला.

१३ फेब्रुवारी

मीच फोन केला. अप्पांनीच उचलला. मग हळूच म्हणाले, "वरून आपला घाट दिसतो का रे?"

"मला काय माहीत अप्पा, मी कुठं बसलोय विमानात!"

"बरं. मग मी बघून सांगतो."

दोघांची तिकिटं, अप्पांना खिडकी, तिचे वरचे पैसे धरून — नऊ हजार आठशे पाठवतोय.