गुलाब्याची बोटं

सोमवार, ३ जून

मला रोजनिशीची सवय नाही. भावजयीने आज सर्वांदेखत बजावलं, की टाकीतल्या प्राण्याला काही झालं तर जाब मला विचारला जाईल. म्हणून लिहायला बसले. जाब द्यायचा तर तारीखवार द्यावा.

बाकी येणं झकास झालं. घर नवं, हवेशीर. माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. भाची फाटकापासूनच ‘आत्या, आत्या’ करत दंडाला लोंबकळली. मी माझी जागा सोडून सगळं सामान घेऊन आले आहे. परत जायला ठिकाण नाही, आणि जायचं काही कारणही दिसत नाही. भाऊ कामासाठी बहुतेक बाहेरगावीच असतो. कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं, म्हणून भाचीच्या ॲक्सोलोटलची देखभाल माझ्याकडे. जन्मभर पाण्यातच राहणारा, पालीच्या अंगलटीचा, फिकट गुलाबी प्राणी. डोक्यामागे पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायमचं हसू. भाची त्याला गुलाब्या म्हणते. प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे तपासून ताबा घेतला: चारी पाय, सगळी बोटं शाबूत.

जेवताना भाचीला सांगितलं, की याचा पाय तुटला तरी हाडासकट नवा उगवतो, कोवळ्या वयात तर झपाट्याने. भावजयीने डाव्या हातातला घास खाली ठेवला. कागद कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. हातमोज्याची ती दोन टोकं रिकामी लोंबतात. कोवळ्या वयात लवकर का, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. फार दिवसांनी कुणी विद्यार्थी भेटल्यासारखं वाटलं.

रविवार, ९ जून

गुलाब्याच्या पुढच्या पायाचं एक बोट नाही. टाकीत दगड नाही, दुसरा जीव नाही, पाणी स्वच्छ आणि गार. भावजय म्हणाली, बेडूक फाडण्यात हयात गेली की हात शिवशिवत असतील, नाही का वन्सं? मी म्हटलं, माझे हात काय करतात ते मला ठाऊक आहे. भाची माझ्या हातांकडे बघत राहिली.

शुक्रवार, २१ जून

पहिलं बोट फुटतंय तोवर दुसरं गेलं. प्राण्यांचा डॉक्टर म्हणाला, बाई, हा चावा नव्हे, हे पात्याचं काम आहे. तोही माझ्याकडेच बघत होता. घरी आल्यावर भावजयीने हे सगळं भावाला फोनवर सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने.

टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

बुधवार, १० जुलै

अख्खा पाय गेला. कुलूप जागच्या जागी. किल्ली वन्संच्या कमरेला, मग काय भुताने कापला, असं भावजय हसून म्हणाली. किल्ली माझ्या अंगावरून उतरते ती फक्त अंघोळीच्या वेळी. तेव्हा ती बाहेर खुंटीवर असते.

भाची आता माझ्या खोलीत येत नाही.

दुपारी न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या डब्यात कापसाची पट्टी सापडली. बोटावर गुंडाळून काढल्यासारखी. आत गुलाब्याचं बोट, वाळून चिकटलेलं.

सोमवार, २९ जुलै

त्याचा पाय उगवत नाही. नुसती गाठ. डॉक्टर म्हणाला, सारखं कापलं तर तीही ताकद संपते. हे तो भावजयीसमोर बोलला.

तिच्या हातमोज्याची टोकं आता लोंबत नाहीत. भरली आहेत. चहा देताना आत काहीतरी वळवळलं.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, पुरे आता. शनिवारी येतो, सामान बांधून ठेव.

बुधवार, ३१ जुलै

भावजय भाचीची नखं कापते. रोज. कापायला काही उरलेलं नसलं तरी. मग तिची करंगळी तळहातावर घेऊन बसते. किती कोवळी आहे नाही, वन्सं, म्हणते.

मीच सांगितलं होतं. कोवळ्या वयात झपाट्याने —

शनिवार, ३ ऑगस्ट

गुलाब्या मेला. एकही पाय नाही. ओट्यावर पातं, धुऊन ठेवलेलं.

भाचीला ओढत माझ्या खोलीत आणलं. ती रडते, आईकडे जायचं म्हणते. कडी लावली आहे. भाऊ येईपर्यंत काढणार नाही.

दारावर थाप. मऊ. ओली.

भावाचा आवाज. ताई, वेडेपणा बास, दार उघड, तिला माझ्याकडे दे. आला एकदाचा. तपासून घेतलं तसं तपासून देईन, सहीनिशी.

ताब्यात दिलं: टाकी, पंप, झाकण, किल्ली. ॲक्सोलोटल, मृत. भाची — जखम नाही, बोटं दहा.

कडी काढली.

भाऊ नाही. भावजयीच्या हातात फोन, त्यातून तो अजून बोलतोय — सहीसाठी तिने हातमोजा दातांनी ओढला — ती दोन बोटं गुलाबी, नखं नाहीत, पाणी गळतंय — आणि ती अजून अपुरी आहेत, अर्धीच — भाचीचा हात तिच्या —

बोटं दहा होती. मी देताना दहा. मी स्वतः मोजून —