दुसऱ्या डोंगरातला बदली

सोमवार
पोहोचलो एकदाचा! पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराच्या पोटात सरकारची लपवलेली कचेरी. युद्धात राजधानी गेलीच, तर कारभार इथून चालायचा. आम्ही ठेकेदाराची माणसं. माझ्याकडे हवेचे पंखे आणि भलामोठा पोलादी दरवाजा. माझ्या हुकमाशिवाय एकही पंखा बंद व्हायचा नाही, काय ऐट! हार्लन साहेबांनी माझं करपलेलं सँडविच बघून विचारलं, बायकोशी भांडलास का रे? म्हटलं, नाही हो, दिवस भरत आलेत तिचे, तरी उठून करून दिलंय. साहेब वरमले. आपल्या डब्यातला अर्धा ॲपल पाय मला दिला.

मंगळवार
उद्यापासून सराव. इथली रीत गमतीची आहे. प्रत्येक माणसाला एक बदली नेमलेला असतो, दुसऱ्या डोंगरातल्या कचेरीत. एक जागा ‘गेली’ असं धरायचं. मग तिथले सगळे मेले समजायचे, आणि त्यांचं काम, सही, हुकूम, सारं बदल्यांकडे. यंदा मरायची पाळी आमची! पलीकडून ‘परत घेतलं’ असा फोन आल्याशिवाय दरवाजाचं कुलूप सुटत नाही. माझा बदली कोण, असं मी विचारलं. साहेब हसले. म्हणाले, मेलेल्यांनी चौकशा करू नयेत. शुक्रवारी सुटका. बाळंतपणाला हजर राहीन, असं लोरीनला वचन दिलंय.

बुधवार
दरवाजा मीच लावला. मग पत्ते खेळलो. फोन सांभाळणारी व्हर्ना लबाड आहे, मला पार लुटलं.

शुक्रवार
फोन आला नाही. साहेब म्हणतात, विसरले असतील लेकाचे. शेवटी व्हर्नानेच लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, ती जागा गेली, तिथे जिवंत कोणी नाही. फोन ठेवून दिला. साहेब पोट धरून हसले. काय चोख काम करतात म्हणे! मला काही हसू आलं नाही.

शनिवार
कुलूप सुटत नाही. पहारीने प्रयत्न केला, हात सोलून निघाले. साहेब आता हसत नाहीत. व्हर्नाने स्वतःच्या घरी फोन लावला. तिकडे तो व्हर्नानेच उचलला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसलीय.

रविवार
मी घरी लावला. लोरीन रडत होती, आनंदाने. मुलगी झाली! मी ओरडलो, अगं मी बोलतोय, क्लेटन! ती म्हणाली, असली थट्टा करू नका हो. क्लेटन इथेच आहे, बाळाला घेऊन बसलाय.
मागून आवाज आला, कोण आहे गं? माझाच आवाज. मग त्याने फोन घेतला. प्रेमाने म्हणाला, मेलेल्यांनी चौकशा करू नयेत.

सोमवार
एक पंखा थांबला. मी हुकूम दिला नव्हता— साहेब विचारतात, मग कोणी? पंखे माझ्याकडे. म्हणजे आता त्याच्याकडे—
दुसराही थांबला. दम लागतोय. फोन मुका. व्हर्ना दार बडवतेय—
शेवटचा पंखा मंदावतोय. देवा, लेकीचं नाव काय ठेवलं ते विचारायचंच रा—